खोकला किती दिवसांचा?

थंडी पडू लागली की आमच्या मालेगावात अत्तारांच्या दुकानांवर गर्दी दिसू लागते. अत्तार म्हणजे इथे सुगंधी अत्तर विकणारा नव्हे, जडीबुटी विकणारा. मराठीत ज्याला काष्ठौषधीचं दुकान म्हणतात, ते त्याचं दुकान. गिऱ्हाईक एवढंच म्हणतं, "जोशांदा दे दो, तीन दिन का." अत्तार मागच्या डब्यांतून थोडं थोडं काढतो, तीन कागदांवर वाटतो, पुड्या बांधून देतो. औषध कुणासाठी, वय किती, खोकला कोरडा की कफाचा, हे विचारणारा अत्तार हल्ली क्वचितच भेटतो. आणि खोकला किती दिवसांचा, हे तर कुणीच विचारत नाही. जोशांदा कसा करतात, कशाला उपयोगी पडतो, हे मला इथे सांगायचं आहेच. पण त्याहून जास्त मला त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवते. त्यामुळे आजार आला तरी आधी शब्दच डोळ्यांपुढे येतात. मुलं मराठीच्या वहीत "मला जुकाम झाला" असं लिहितात. मी खाली "सर्दी" लिहून देते आणि सांगते की बाळांनो, सर्दी हा शब्दसुद्धा फारसीच आहे, 'सर्द' म्हणजे थंड. घरगुती मराठी हवं असेल तर 'पडसं' लिहा. 'पडसं' ऐकून वर्ग दर वर्षी हसतो.

युनानी वैद्यकात जुकाम आणि नजला हे दोन वेगळे मानतात. नाकावाटे वाहतो तो जुकाम, आणि घशाकडे, छातीकडे उतरतो तो नजला. नजला हा शब्द 'नुजूल'पासून, म्हणजे वरून खाली उतरणं. 'नाजिल' होणं त्याच धातूचं. जुन्या हकिमांची समजूत होती की हा द्रव मेंदूकडून खाली येतो. ती समजूत आता राहिलेली नाही. मात्र नाकाच्या मागच्या बाजूने घशात उतरणाऱ्या स्रावामुळे रात्री आडवं पडलं की खोकल्याची उबळ येते, हे आजचे कान-नाक-घसा तज्ज्ञही सांगतात. शब्द जुना आहे, पण निरीक्षण चुकीचं नव्हतं.

वर्गात जानेवारीत एक वेगळीच अडचण असते. एक मूल शिंकतं, "अल्हम्दुलिल्लाह" म्हणतं, की सगळा वर्ग एका सुरात "यर्हमुकल्लाह" म्हणतो. साठ मुलं, त्यातली पंधरा सर्दीवाली. व्याकरण पुढे सरकतच नाही. मग मी त्यांना ती हदीस सांगते ज्यात एक माणूस शिंकतो तेव्हा हुजूर (स.) त्याला दुआ देतात, आणि तो पुन्हा शिंकतो तेव्हा याला तर जुकाम झालाय, असं म्हणतात. हदीसमधला शब्द 'मज्कूम' आहे, आपल्या जुकामचाच भाऊ. मुलांना हे फार आवडतं. शिंकताना हुजूर (स.) तोंडावर हात किंवा कपडा धरत, हेही मी लगेच जोडून सांगते, कारण माझा खरा मतलब तिथे असतो.

माझं माहेर संगमनेरकडचं. तिथे दादी सर्दी झाली की अंगणातल्या अडुळशाची पानं, सुंठ, गवती चहा, तुळस आणि गूळ घालून काढा करायची. शेजारच्या पाटलांकडेही तोच काढा, फक्त भांडं वेगळं. अडुळशाला हसू नका. त्यातल्या 'व्हॅसिसीन' या घटकावर काम करतच पुढे ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं, जे आजही खोकल्याच्या बाटलीवर छापलेलं दिसतं.

सासरी आले तेव्हा काढ्याऐवजी जोशांदा. मला वाटलं, काहीतरी अरबस्तानातलं असणार. सासूबाईंनी पुडी उलगडून दाखवली आणि एकेक नाव सांगितलं: उन्नाब, सपिस्तां, बिहीदाना, खत्मी, खुब्बाजी, अस्लुस्सूस, गुलबनफ्शा, गावजुबान. नावं ऐकून दडपून जावं अशीच. पण हातात घेऊन पाहिलं तर उन्नाब म्हणजे बोराच्या कुळातलं वाळलेलं लाल फळ. सपिस्तां म्हणजे आपलं भोकर, ज्याचं लोणचं घालतात. अस्लुस्सूस म्हणजे मुलेठी, आपलं ज्येष्ठमध, गाणारे आणि शिक्षक घशासाठी चघळतात ते. म्हणजे अर्धी पुडी आमच्या माहेरच्या बांधावरचीच निघाली. उरलेली अर्धी बाहेरची: बिहीदाना सफरचंदासारख्या दिसणाऱ्या बिही नावाच्या फळाच्या बिया, खत्मी आणि खुब्बाजी या भेंडी-जास्वंदीच्या कुळातल्या झाडांच्या बिया, आणि बनफ्शा म्हणजे काश्मीरकडून येणारी जांभळी फुलं. बनफ्शा महाग असते, म्हणून पुष्कळ पुड्यांत ती नावापुरतीच असते.

'जोशांदा' हा शब्दही सोपा आहे. फारसीत 'जोशीदन' म्हणजे उकळणं. मराठीत आपण 'जोश' म्हणतो तोच हा. उकळून केला तो जोशांदा, आणि नुसता भिजवून गाळला तो खेसांदा. म्हणजे काढा आणि फांट, दुसरं काही नाही.

आमच्या घरची रीत अशी. उन्नाब पाच दाणे, सपिस्तां नऊ दाणे, बिहीदाना तीन ग्रॅम, हे तिघं तर हकिमांच्या नुस्ख्यात एकत्रच येतात. त्यात खत्मी, खुब्बाजी आणि ठेचलेलं ज्येष्ठमध प्रत्येकी लहान चमचाभर, असली तर बनफ्शा. उन्नाब आणि सपिस्तां थोडे चेचून रात्री दोन कप पाण्यात भिजत घालायचे. सकाळी बाकीचं त्यात टाकून मंद आचेवर एक कप उरेपर्यंत ठेवायचं. बिहीदाना मात्र वेगळ्या वाटीत पाण्यात भिजवायचा. त्याला चिकट लुआब सुटतो, तो गाळून शेवटी मिसळायचा. मलमलच्या फडक्याने गाळून, कोमट झाल्यावर मिसरी किंवा मध. सासूबाई उकळत्या जोशांद्यात मध घालू देत नसत आणि कारण विचारलं तर "नहीं डालते" एवढंच उत्तर मिळायचं.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी तयार पावडरी आणि सिरप मिळतात. हमदर्दची जोशीना आणि सुआलीनच्या गोळ्या आमच्याकडे प्रत्येक कपाटात असतात. सुआल म्हणजे अरबीत खोकला. अर्थ माहीत नसताना लोक पिढ्यान्‌पिढ्या त्या चघळतात.

आता हे सगळं पिऊन होतं काय? माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. भोकर, बिहीदाना, खत्मी, खुब्बाजी या चारही गोष्टी पाण्यात बुळबुळीत होतात. हा बुळबुळीतपणा घशाच्या खरखरीत अस्तरावर पसरतो, म्हणून कोरडी ढास जरा थांबते. ज्येष्ठमधाचं काम तेच. गरम पाणी स्वतःच अर्धं औषध आहे. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठात २००८ साली सर्दी झालेल्या तीस माणसांवर एक साधा प्रयोग झाला. एकच फळांचं सरबत काहींना गरम दिलं, काहींना खोलीच्या तापमानाचं. गरम प्यायलेल्यांचं नाक यंत्राने मोजल्यावर काही जास्त मोकळं झालेलं नव्हतं, पण शिंका, खोकला, घसादुखी, थंडी वाजणं, थकवा हे सगळं त्यांना लगेच कमी वाटलं. मी हा प्रयोग वाचला तेव्हा मला सासूबाईंचा कप आठवला. नाक तेवढंच चोंदलेलं, पण माणूस बरा. आणि मधाबद्दल म्हणाल तर एक वर्षावरच्या मुलांचा रात्रीचा खोकला मधाने काहीसा कमी होतो, हे अभ्यासांतही दिसलं आहे.

याच्या पुढे मात्र दावा नेऊ नये. सर्दी आणणारे विषाणू २००हून अधिक आहेत आणि जोशांदा त्यातल्या एकालाही मारत नाही. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप उतरते, खोकला कधी कधी आणखी आठवडाभर रेंगाळतो. त्या दिवसांत जोशांदा माणसाला सांभाळतो. जे आपोआप बरं होणार होतं त्याचं श्रेय शेवटच्या कपाला मिळतं, एवढंच. अँटिबायोटिकच्या गोळीलाही तसंच फुकटचं श्रेय मिळतं. सर्दीच्या विषाणूवर ती गोळी काहीच करत नाही, तरी मेडिकलमध्ये जाऊन "दो दिन की गोली दे दो" म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. त्यापेक्षा जोशांदा केव्हाही बरा.

"हिवाळाभर रोज प्या, सर्दी जवळ येणार नाही" असं सांगणारे पुष्कळ आहेत. २०२० साली तर काढ्याला कवचाचं रूप आलं. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला होता. आमच्या मालेगावचा मन्सूरा इथल्या मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजचा काढा 'मन्सूरा काढा' म्हणून गाजला. बाहेरगावचे नातेवाईक, अगदी ज्यांनी एप्रिलमध्ये आम्हाला "तिकडून इकडे येऊ नका" सांगितलं होतं तेही, जुलैत काढ्यासाठी फोन करू लागले. मला त्याचा आनंद झाला, हे लपवत नाही. बदनाम झालेल्या गावाचं काहीतरी लोक मागून घेत होते. पण त्याच एप्रिल-मेमध्ये आमच्या कब्रस्तानात किती जनाजे गेले ते आम्ही पाहिलेलं आहे, आणि त्यातल्या कित्येकांच्या घरातही काढा उकळत होता. त्यामुळे काढ्याने मालेगाव वाचवलं, हे वाक्य मी वर्गात उच्चारत नाही. ज्या दवाखान्यांची दारं पुन्हा उघडली, ज्यांनी घरोघर फिरून ऑक्सिजन तपासला, त्यांचं नाव त्या वाक्यात येत नाही म्हणूनही.

सर्दीपासून बचाव करायचाच असेल तर तो कपात कमी आणि खोलीत जास्त आहे. थंडीत आपण दारं-खिडक्या बंद करून एकमेकांच्या श्वासात बसतो, म्हणून सर्दी पसरते. वर्गाची एक खिडकी मी उघडी ठेवते, मुलं कुरकुरतात. साबणाने हात धुणं, आजारी मुलाला दोन दिवस घरी ठेवणं, चुलीचा आणि बिडीचा धूर घरात नसणं, दम्याच्या आणि म्हाताऱ्या माणसांना डॉक्टरांना विचारून फ्लूची लस. वुजू करताना आपण दिवसातून पाच वेळा हात आणि नाक धुतो, ही चांगलीच सवय आहे, पण सार्वजनिक हौदावर बाजूला साबणाची वडीही ठेवली तर काय बिघडेल?

जोशांदा देताना काही गोष्टी सांभाळायला हव्यात. पहिली मधाची. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात, बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. आपल्याकडे तहनीकच्या वेळी बाळाच्या टाळूला मध लावणारी घरं आहेत. तहनीक खजुराची सांगितलेली आहे, मधाचा आग्रह आपण मागून घातला. दुसरी ज्येष्ठमधाची. चार-आठ दिवस थोडं घेतल्याने सहसा काही होत नाही, पण महिनोन्‌महिने घेतलं तर रक्तदाब चढतो आणि शरीरातलं पोटॅशियम उतरतं. बीपीच्या गोळ्या घेणारी माणसं आणि गरोदर बायकांनी ज्येष्ठमध वगळलेलाच बरा. शुगर असलेल्यांना मिसरी नको, हे सांगायला नको. वाफ देताना लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. दर हिवाळ्यात अशी भाजलेली पोरं दवाखान्यात येतात.

आणि जोशांदा सोडून बाटलीकडे वळलात म्हणजे सुरक्षित झालात असंही नाही. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलं दगावली, तेव्हा भारतात बनलेल्या दूषित कफ सिरपकडे बोट गेलं. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात तेच घडलं, त्यातल्या काही पोरांनी शेवटचा श्वास आपल्या नागपुरात घेतला. २०२३च्या डिसेंबरात औषध नियंत्रकांनी सर्दीच्या एका प्रचलित मिश्रणावर, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रीनच्या, 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला लावलं आहे. बाटलीची मागची बाजू वाचा. वाचता येत नसेल तर घरातलं शाळेत जाणारं पोर कशासाठी आहे?

लहान मुलाच्या बाबतीत खोकल्याच्या आवाजापेक्षा श्वास मोजावा. मूल शांत असताना छातीवरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, एक वर्षापर्यंतचं ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचं ४० किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. मग पातेलं चुलीवर ठेवायचं नाही, रिक्षा बोलवायची.

आता त्या प्रश्नाकडे येते. मालेगावात सगळेच खोकतात. मागांवर सुताचा रुवा उडतो, कामगाराच्या भुवयांवर, मिशीवर तो पांढरा बसलेला असतो, तोच आत जातो. जुम्म्याची सुटी घेऊन शनिवारी कामावर गेलं की छाती जास्त आवळते, असं जुने कामगार सांगतात, आणि कापसाच्या धुळीच्या आजाराची खूणच ही आहे की सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास वाढतो. त्यात हिवाळा आला की सर्दीचा खोकला. जिथे प्रत्येक घरात कुणी ना कुणी खोकत असतं, तिथे कुणाचा खोकला कधी सुरू झाला याचा हिशेब राहत नाही. जोशांदा त्या बेहिशेबाला मदतच करतो, कारण तो प्यायला की रात्री थोडी झोप लागते.

काही वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी जानेवारीत आठवडा आठवडा गैरहजर राहू लागली. मी घरी गेले. वडील मागावर रात्रपाळी करायचे, पण त्या दिवशी भर दुपारी पांघरूण घेऊन बसलेले होते. गालाची हाडं वर आलेली. मुलगी त्यांच्या उशाशी, आई कामाला. आई आली तेव्हा म्हणाली, "आपा, इनको जरा नजला है. जोशांदा चालू है, मौसम बदलेगा तो ठीक हो जाएंगे."

मी विचारलं, "कबसे है?"

ती थोडी थांबली. "मिलाद के जुलूस के टाइम से."

मिलाद त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी होती. चार महिने झाले होते. संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री कपडे घामाने भिजतात, हेही तिने सांगितलं, आणि मग मुलीला चहा करायला आत पाठवून हळू आवाजात म्हणाली की मोठीचा रिश्ता पक्का झालाय, रमजाननंतर निकाह आहे. पुढचं ती बोलली नाही. तिला तो दोन अक्षरी शब्द माहीत होता. तो मोहल्ल्यात निघू नये म्हणूनच घरात जोशांदा उकळत होता. शेजारणीला त्याचा वास यायचा आणि शेजारीण म्हणायची, नजला है बेचारे को. औषधाचं काम पडद्याचं झालं होतं.

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. तिला मी समजावण्याचा प्रयत्न केला, पण ती माझ्या बोलण्याने हलली नाही. हलली ती मोहल्ल्यातल्या हकीमसाहेबांमुळे. ते युनानीचे पदवीधर, बीयूएमएस, वडिलांपासून दवाखाना चालवणारे. तिला वाटलं ते नवा नुस्खा देतील. त्यांनी छाती तपासली आणि कोऱ्या कागदावर सरकारी दवाखान्याच्या नावाने चिठ्ठी लिहिली. ती म्हणाली, आपण तर युनानीवाले, आपल्याकडे याचं औषध नाही का? तेव्हा ते म्हणाले की इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी 'अल-कानून'मध्ये सिल हा एकापासून दुसऱ्याला लागणाऱ्या रोगांत मोजला होता, तुम्ही घरात तीन पोरं घेऊन बसला आहात. सिल, दिक, तपेदिक, क्षय, टीबी. नाव कुठलंही घ्या. मला त्या माणसाचा त्या दिवशी अभिमान वाटला. आपल्या विद्येची हद्द कुठे संपते ते गिऱ्हाइकासमोर सांगायला हिंमत लागते, आणि त्यात फी बुडते.

तपासणी फुकट असते, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून मिळते. गोव्यात बनणारं ट्रूनॅट नावाचं छोटं यंत्र आता तालुक्याच्या ठिकाणीही पोचलं आहे, ते त्याच दिवशी निदान देतं. औषधंही फुकट, साध्या टीबीला सहा महिने. शिवाय जेवणासाठी रुग्णाच्या खात्यात पैसे येतात, पूर्वी महिन्याला ५०० होते, २०२४च्या नोव्हेंबरपासून १०००.

त्यांची तपासणी पॉझिटिव्ह आली. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, धाकट्या दोघांना प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती बाई घाबरून माझ्याकडे शाळेत आली, म्हणाली लघवीतून रक्त जातंय. रक्त नव्हतं. त्यातल्या एका गोळीने लघवी नारिंगी होते, एवढंच. ते तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि ती गोळ्या बंद करायच्याच बेतात होती. महिन्याभरात खोकला थांबला तेव्हा पुन्हा तोच धोका आला, बरं वाटतंय तर गोळ्या कशाला. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायला सुरुवात केली. घरात लिहिता-वाचता येणारी तीच एक होती.

त्यानंतर डिसेंबरात मी वर्गात एक काम देते. घरातलं कुणी खोकायला लागलं की कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने 'ख' लिहायचा. खोकला गेला की खोडून टाकायचा. चौदा घरं पुढे गेली आणि 'ख' तसाच असेल तर मला येऊन सांगायचं, नाव न घेता सांगितलं तरी चालेल. उर्दूत लिहिणारे 'खे' लिहितात, मग त्यावर कुणाचं अक्षर सुंदर याची भांडणं होतात. बहुतेक खुणा आठ-दहा दिवसांत खोडल्या जातात. जोशांदा प्यायल्याने गेला, असं मुलं सांगतात. मी हो म्हणते.

त्या घरातला निकाह ठरल्या वेळी झाला नाही. कारण विचारणाऱ्यांना मुलाकडच्यांची घरदुरुस्ती सांगितली गेली. गोळ्या संपल्या, शेवटची थुंकी स्वच्छ आली, आणि मग दोन महिन्यांनी लग्न लागलं. मला बोलावणं होतं. तो माणूस दारात उभा राहून पाहुण्यांना आत घेत होता, गाल भरले होते, मोठ्याने बोलत होता. मुलीच्या सासरी सांगितलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.